कूलर, गिरणी आणि उघड्या पाठीचे हेडफोन

गेल्या शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला लाइट गेली आणि मला हेडफोनचा अपग्रेड मिळाला, तोही फुकट. शहाद्यात मे महिन्यात लाइट जाणं ही काही लिहिण्यासारखी बातमी नव्हे. पण झालं असं की लॅपटॉप बॅटरीवर होता, डोक्यावर माझे नेहमीचे सेनहायझर एचडी ५९९ होते आणि किशोरीताईंचा भूप चालू होता. आमचा कूलर घरघरत थांबला, मग पंखा, मग शेजारच्यांचा कूलर. आणि मागचा तानपुरा असा काही वर आला, की कोणी तो गायिकेच्या मागून उचलून माझ्या खोलीत आणून ठेवलाय असं वाटावं. मी आवाज चांगला चार घरं कमी केला. तरी आधीपेक्षा जास्त ऐकू येत होतं.

याच गोष्टीसाठी मी गेले सहा महिने रात्र रात्र जागून तुलना वाचत होतो. एचडी ६०० की एचडी ६५०? की प्लेनार घ्यावेत? मग त्याला ॲम्प कुठला? एक्सेल शीट होती, तिच्यात ११ रकाने होते. कूलर हा रकाना नव्हता.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी मूळचा शहाद्याचा. शिक्षण आणि नोकरी पुण्यात. मार्च २०२०मध्ये 'दोन आठवड्यांसाठी' लॅपटॉप घेऊन गावी आलो तो इथेच राहिलो. आता तीन महिन्यांतून एकदा ऑफिसला तोंड दाखवून येतो. घरी आई, अप्पा आणि मी. अप्पांची पिठाची गिरणी होती, घराला लागूनच. ती आता बंद आहे, पण ती या लेखात परत येणार आहे.

ओपन-बॅक हेडफोन म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत असेल, नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. साध्या हेडफोनचा कप मागून बंद असतो. पडदा हलला की आवाज कानाकडे जातो तसा मागेही जातो, आणि मागचा आवाज त्या डबीत घुमतो. ओपन-बॅकमध्ये मागे नुसती जाळी. मागचा आवाज बाहेर निघून जातो, त्यामुळे गाणं डोक्यात कोंबल्यासारखं वाटत नाही, मोकळं वाटतं. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ काढला, तिथून ही जात सुरू झाली. तोटा उघड आहे. जाळीतून आवाज बाहेर जातो तसा आतही येतो. बसमध्ये, ऑफिसात, क्यूबिकलमध्ये याचा काही उपयोग नाही. हा घरात बसून ऐकण्याचा प्रकार.

आणि मला तो घेण्यामागे कारण संगीताचं नव्हतंच. बंद हेडफोन घालून बसलो की आईची हाक ऐकू यायची नाही. एकदा अप्पा बाथरूममध्ये घसरले, आईने तीन हाका मारल्या आणि मी आत एका बगमध्ये बुडालेलो. तेव्हापासून घरात बंद हेडफोन बंद! दहा-बारा हजारांत एचडी ५९९ घेतले आणि खरंच खूश होतो.

पण आपण आयटीवाले. चालू सिस्टीम सुखाने चालू ठेवणं आपल्या रक्तात नाही. सहा महिन्यांनी वाटायला लागलं की वरचं मॉडेल बघायला हवं. बघायचं कुठे? नंदुरबार जिल्ह्यात ओपन-बॅक कानाला लावून बघता येईल असं दुकान मला तरी सापडलेलं नाही. मग पुण्याचा एक मित्र डिसेंबरात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा बघायला आला तो आपले एचडी ६०० आणि ॲम्प महिनाभरासाठी माझ्याकडे ठेवून गेला. (त्याने घोडा घेतला नाही. बायकोने सांगितलं होतं, हेडफोन किंवा घोडा :-) )

पहिल्या संध्याकाळी मी चाटच पडलो. काय तो स्पष्टपणा! रात्रीत ऑर्डर टाकणार होतो, किंमत माझ्यावाल्याच्या जवळजवळ तिप्पट. मग आतला इंजिनिअर जागा झाला. दोन्हींचा आवाज सारखा आहे का? कागदावर बघितलं तर एचडी ५९९ हा ५० ओहमचा आणि एका व्होल्टला १०६ डेसिबल देणारा, एचडी ६०० हा ३०० ओहमचा आणि ९७ डेसिबलचा. म्हणजे एकाच बटणावर, एकाच घरावर दोन्ही ठेवून तुलना करणं हा शुद्ध गाढवपणा. मी ६००साठी ॲम्प वर नेला होता, आणि सवयीपेक्षा बराच वर नेला होता. माणसाच्या कानाची गंमत अशी की दोन-तीन डेसिबल जास्त असलं की तो 'मोठं' म्हणत नाही, 'चांगलं' म्हणतो. दुकानदारांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे.

मग पुठ्ठ्याची चकती कापली, मध्ये भोक पाडून मोबाईलचा माइक बसवला आणि पिंक नॉइज लावून दोन्हींचा आवाज एकसारखा केला. जुगाडच, पण चालतो. आणि पुन्हा ऐकलं.

फरक होता. नव्हता म्हणणं खोटं ठरेल. ५९९चा खालचा भाग जरा फुगीर आहे, तबल्याचा बायाँ थोडा ढोल होतो. ६००मध्ये गळ्याचा मधला पट्टा सरळ येतो, हार्मोनियमची पट्टी आणि आवाज एकमेकांत मिसळत नाहीत. १९९७ साली आलेल्या या मॉडेलचं लोक अजून नाव काढतात ते उगाच नाही. पण पहिल्या संध्याकाळच्या त्या 'काय तो स्पष्टपणा'पैकी निम्म्याहून जास्त भाग बटणातच होता. उरलेल्यातला बराचसा इक्वलायझरने भरून निघाला. ऑटो-ईक्यू नावाच्या प्रकल्पात शेकडो हेडफोनचे आकडे फुकट तयार मिळतात, विंडोजवर इक्वलायझर एपीओ टाकायचं, फाइल लावायची, दहा मिनिटांचं काम. आणि हे फक्त माझ्या कानाचं मत नाही. २०१७ साली २८३ हेडफोन-इअरफोन मोजून केलेल्या एका अभ्यासात फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांच्यात काहीच नातं सापडलं नव्हतं. आता आराम, बांधणी, पॅड यांचे पैसे असतात, ते मान्य. पण 'महाग म्हणजे सुरेल' हे गणित चुकीचं आहे.

अवांतर: ओपन-बॅकला एक गोष्ट जमत नाही, तीही सांगतो, नाहीतर म्हणाल कौतुकच चाललंय. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी असते. एका वर्षी तिथे रात्री छोट्या रेकॉर्डरवर ढोल रेकॉर्ड केले होते. तिथे उभं राहिलं की तो ढोल कानाआधी छातीत वाजतो. एचडी ५९९वर काय आणि ६००वर काय, कातड्यावर पडलेली थाप ऐकू आली, छातीतला धक्का नाही. उघड्या पाठीच्या साध्या डायनॅमिक हेडफोनचा आवाज खाली खाली गेलं की गळतो. जुन्या बंद हेडफोनवर तोच ढोल जास्त खरा वाटला. तुम्ही मुख्यतः असलं काही ऐकत असाल तर तीस हजार इकडे घालू नका. उलट टोकाला, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या. मोनो, वरचा पट्टा कापलेला, खरखर. 'साउंडस्टेज' वगैरे शब्द तिथे कामाचे नाहीत. तिथे मला दोन्ही हेडफोन सारखेच आवडले.

तर डिसेंबरात निर्णय झाला होता की फरक आहे, पण तिप्पट पैशांचा नाही. हेडफोन परत गेले. मग मार्च आला, कूलर बाहेर निघाला, आणि मला एकदम आपले ५९९ मेंगळट वाटायला लागले. तपशील दिसेना, तानपुरा हरवला. मी पुन्हा एक्सेल शीट उघडली. डिसेंबरात जो निकाल लागला होता तो मी साफ विसरलो होतो, कारण कान सांगत होते की हेडफोनच कमी पडतायत.

आणि मग ती शनिवारची लाइट गेली.

लाइट आल्यावर मोबाईलच्या ॲपवर मोजलं (आकडा ढोबळच समजा). कूलर चालू, ६२ डेसिबल. बंद, ३५. सत्तावीस डेसिबलचा फरक! जगातला कुठलाही अपग्रेड एवढा देत नाही. कूलरचा आवाज एका सुराचा नसतो, खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, म्हणून तो सगळंच थोडं थोडं खातो. तानपुऱ्याचा विरत जाणारा नाद, गाणाऱ्याचा श्वास, तबल्याच्या बोटांची कड. हे सगळं पन्नास-साठच्या खालचंच असतं. ओपन-बॅकला जाळी असल्यामुळे कूलर सरळ आत येतो. आपण काय करतो, आवाज वाढवतो.

त्यामुळे माझं मत ऐका, पटलं तर घ्या: खानदेशात ओपन-बॅक हेडफोन हे रब्बीचं पीक आहे. दिवाळीनंतर पेरायचं, होळीपर्यंत काढायचं. उन्हाळ्यात त्याच्यावर खर्च करणं म्हणजे मे महिन्यात गहू पेरणं. तुमच्या पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये कूलरऐवजी रस्ता असेल, लिफ्ट असेल, वरच्यांचं फर्निचर असेल. हेडफोन बदलण्याआधी ज्या वेळी ऐकता त्या वेळी खोली मोजून बघा. दोन हजार सहा-सातच्या लोडशेडिंगमध्ये मी सुट्टीला घरी यायचो तेव्हा अंगणात खाटेवर पडून शंभर रुपयांच्या इअरफोनवर ऐकलेलं गाणं अजून आठवतं. तेव्हा वाटायचं वय तसं होतं म्हणून. तसं नाही, कूलर बंद होता :-)

पण आवाज वाढवण्याची गोष्ट एवढ्यावर सोडण्यासारखी नाही. आता गिरणी.

डिसेंबरात माझे प्रयोग चालू असताना अप्पा येऊन बसले. म्हटलं अप्पा, तुम्ही सांगा, कोणता चांगला. दोन्ही नीट लावून दिले, आवाज सारखा करून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "माले दोन्ही सारखाच वाटतस रे. आवाज थोडा मोठा कर." वाढवला. "आजून." अजून वाढवला. माझ्या कानापर्यंत जाळीतून येणारा आवाज ऐकून मीच दचकलो.

धुळ्याला नेऊन कानाची तपासणी केली. ऑडिओग्राम म्हणजे एक साधा आलेख असतो. अप्पांची रेघ सुरुवातीला ठीक होती आणि ४००० हर्ट्झला खड्ड्यात गेली होती, दोन्ही कानांची. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काम काय करत होतात? तीस-बत्तीस वर्षं पट्टा आणि दगड डोक्याजवळ, कानात कापसाचा बोळासुद्धा नाही. गोंगाटाने गेलेले कान नेमके तिथेच जातात, आणि गेलेलं परत येत नाही. चार हजारच्या आसपासच 'स', 'श', 'त', 'क' यांची धार असते. म्हणून अप्पांना आपण बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही, आणि आम्ही इतकी वर्षं म्हणत राहिलो की त्यांचं लक्ष नसतं.

आलोच आहोत तर म्हणून मीही तपासून घेतलं. वय अडतीस. डाव्या कानाला त्याच जागी छोटासा उतार. डॉक्टर म्हणाले, अजून नॉर्मलमध्येच आहे. मग हसत विचारलं, तुमची पण गिरणी आहे का?

घरी येऊन हिशेब केला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा धरते. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. कूलरवर मात करायला मी सहा डेसिबल वाढवून ८६वर गेलो, तर आठवड्याचे दहाच तास उरतात. मी कोड लिहिताना रोज चार तास ऐकतो. म्हणजे बुधवारी दुपारी कोटा संपला, आणि मी शनिवारी मजेत भूप ऐकत बसलेलो. एक्सेल शीटमध्ये हाही रकाना नव्हता.

तर खर्च काय झाला ते सांगतो. ५९९चे पॅड बदलले, घामाने चपटे झाले होते आणि पॅड चपटे झाले की आवाजही बदलतो. कूलर खोलीतून काढून खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर टाकला, खाली रबर लावलं, गवत बदललं. आता ॲपवर ५४ दिसतं. समाधानकारक नाही, पण दिवसा मी गाणं बंदच ठेवतो आणि पहाटे साडेपाचला कूलर बंद करून तासभर ऐकतो. एचडी ६००चे पैसे अप्पांच्या कानाच्या मशीनकडे वळवलेत. तेवढ्यात भागत नाही, दोन कानांची दोन लागतात.

अप्पा तयार नव्हते. म्हातारा दिसेन म्हणाले (वय एकाहत्तर). मग परवा मी त्यांना विचारलं, दगडाला टाकी लावायची वेळ झाली हे तुम्हाला कसं कळायचं? म्हणाले, आवाजावरून. दगड गुळगुळीत झाला की आवाज बदलतो, पीठ हातात घ्यायच्या आधी कळतं. शेवटची दोन-तीन वर्षं ते कळेनासं झालं होतं, पीठ जाड येतंय अशी बायकांची तक्रार यायला लागली, म्हणून गिरणी बंद केली. मला वाटत होतं गुडघ्यांमुळे.

मंगळवारी नाशिकला मशीनची ट्रायल आहे. कानामागच्या मशीनवर हेडफोन घातला की शिट्टी वाजते, पण मोठ्या कपच्या, उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये ती कमी वाजते असं म्हणतात. अप्पांनी सांगितलंय, ते तुझं जाळीवालं सोबत घे.