बिघाड यंत्रात की कानात?

गेल्या दिवाळीत मी घरचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला नेला. आवाज पूर्वीसारखा उठत नाही, अशी माझी तक्रार होती. कारागिराने तपासून तो तसाच परत दिला. पैसेही घेतले नाहीत. सौ. म्हणाली, "अहो, यंत्र ठणठणीत आहे. तुम्ही कान दाखवा." तपासणीत तिचेच खरे ठरले. उंच पट्टीचे स्वर मला कमी ऐकू येत होते आणि म्हणून आवाजाचे बटण दरवर्षी थोडे पुढे सरकत होते.

यात वयाचा वाटा असतो, तसा मोठ्या आवाजाचाही. आंतरकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. कारखान्यातील कामगारांसाठी ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सुचवलेली आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात अवघी १५ मिनिटे!

गाणे ऐकूच नये, असे मी म्हणणार नाही. पण आवाजाची मर्यादा घरानेच ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता येईल, तिथे मी बटणाला रंगाचा ठिपका दिला आहे. कमी वाटले तर पंखा बंद करतो, बटण फिरवत नाही.

वाचकहो, दिवाळीत यंत्रावरची धूळ झटकतो, तशी एकदा कानांचीही तपासणी करून घ्यावी.