नदीने भार वाहावा काय?

'वाहणे' हा आपल्या भाषेतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. नदी वाहते असे आपण म्हणतो, आणि हमाल ओझे वाहतो असेही म्हणतो. हे दोन्ही अर्थ नदीच्या ठिकाणी एकत्र येऊ शकतात, ही गोष्ट मात्र डोंगराळ मुलखात वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. आपली काळी नदी जोयड्याच्या अरण्यात उगम पावते आणि खडकांवरून उड्या घेत खाली उतरते. तिच्यावर माल लादून न्यावा, असे येथे कोणाच्या मनात येणार? परंतु देशाच्या मालवाहतुकीत नद्यांना व खाड्यांना कोणते स्थान असावे, हा प्रश्न आज पुन्हा पुढे आला आहे, आणि आपली काळीही त्यातून सुटलेली नाही.

पाण्यावरील वाहतुकीचा मुख्य गुण म्हणजे तिची स्वस्ताई. आपल्याच तालुक्यातील कॅसलरॉक स्थानकावर उभे राहून पाहावे. मुरगावहून कोळसा घेऊन घाट चढणाऱ्या आगगाडीला पुढची इंजिने पुरत नाहीत. मागूनही इंजिने लावून तिला रेटावे लागते. शांत पाण्यावर तरंगणाऱ्या भाराला असे कष्ट पडत नाहीत. एक अश्वशक्ती रस्त्यावरून सुमारे १५० किलो, लोहमार्गावरून ५०० किलो, तर पाण्यावरून ४,००० किलो माल ओढते, असा हिशेब या विषयाच्या चर्चेत नेहमी दिला जातो. अर्थात बोट काही घाट चढू शकत नाही. म्हणूनच जेथे पाणी सखल, खोल व संथ आहे, तेथेच या गुणाचा उपयोग.

असा उपयोग कसा होतो, हे पाहण्यासाठी परदेशी जावयास नको. शेजारच्या गोव्यात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली, साखळी या भागांतील लोहखनिज मालमोटारींनी जवळच्या धक्क्यापर्यंत येई. तेथून बार्ज भरून मांडवीतून मुरगाव बंदराकडे जात. एकेका बार्जमध्ये हजार-दोन हजार टन माल मावे, म्हणजे दहा टनांच्या शंभराहून अधिक मालमोटारींचा भार एकच बोट वाही. पावसाळ्यात आग्वादजवळचे मांडवीचे मुख धोक्याचे झाले की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून चालणारी ही वाहतूक भारतातील अंतर्गत जलवाहतुकीचे एक ठळक उदाहरण होती.

परंतु या उदाहरणाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा नदी होती तशीच होती, बार्जही होते. नव्हता तो माल. बार्ज धक्क्याला लागून उभे राहिले आणि त्यांवर पोट असलेल्या खलाशांची व कारागिरांची आबाळ झाली. अलीकडे खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्या असल्या, तरी धडा शिल्लक आहे. जलमार्ग केवळ पाण्याने होत नाही. बारमाही खोली, दोन्ही टोकांना माल आणि धक्क्यापर्यंत रस्ता किंवा रेल्वे, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

आता आपल्या नदीकडे वळू. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण १९८६ साली स्थापन झाले. २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. त्या यादीत काळी नदीचा क्रमांक ५२ आहे. कोडसळ्ळी धरणापासून सदाशिवगडच्या पुलाजवळ ती समुद्राला मिळते तेथपर्यंतचा हा टप्पा. नकाशा उघडून पाहावा : याच टप्प्यात कद्र्याचे धरण नदीवर आडवे उभे आहे. बोट ते ओलांडणार कशी? कद्र्याच्या खाली, कारवारच्या बाजूस, खाडीचे पाणी बोटीला अनुकूल आहे, हे मान्य. पण तेथे न्यावयाचा जड माल कोणता, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. केवळ यादीत नाव आले म्हणून नदी मालवाहू होत नाही.

मी जलमार्गाच्या विरुद्ध नाही. २०१३-१४ साली देशाच्या राष्ट्रीय जलमार्गांवरून सुमारे १ कोटी ८० लाख टन माल गेला होता. २०२४-२५ साली तोच आकडा साडेचौदा कोटी टनांवर पोहोचला. ही वाढ स्वागतार्ह आहे. कोळसा, सिमेंट, धान्य, खते यांसारखा घाई नसलेला जड माल पाण्यावरून गेला, तर इंधन वाचेल आणि रस्ते मोकळे होतील. माझे म्हणणे इतकेच की, नदी अगोदरच कोणाच्या तरी उपयोगी पडत असते. खाडीच्या मुखाशी मासेमारी करणारे, चिखलातून तिसऱ्या वेचणाऱ्या बाया, हेही तिच्यावरच जगतात. बोटींसाठी गाळ उपसावयाचा, तर त्यांचे काय होईल, हे प्रथम पाहिले पाहिजे.

हे बोलण्याचा आपल्या तालुक्याला विशेष अधिकार आहे. काळीच्या पाण्यातून राज्याला वीज मिळावी म्हणून सुपा गाव धरणाखाली गेले, आणि तेथील कुटुंबांना रामनगरात नवी घरे मांडावी लागली. आपल्यापैकी कित्येकांच्या आजी-आजोबांनी ते दिवस पाहिले आहेत. नदीचा उपयोग ठरवताना नदीकाठच्या माणसाला विचारावे, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही.

विद्यार्थी मित्रांनो, रामनगरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारी पाहाल, तेव्हा एक करा. त्यांत काय भरले आहे, ते कोठून आले व कोठे जाणार, याची चौकशी करा, आणि नकाशा घेऊन त्यातील कोणता माल लोहमार्गाने जावा, कोणता पाण्याने, हे स्वतः ठरवा. भूगोलाचा धडा असा शिकलात, तर उद्या आपल्या नदीविषयीचा निर्णय होताना तुम्ही नुसते काठावर उभे राहणार नाही.