डायलिसिस मोफत झाले, पण मनाचे काय?

सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटेच्या पहिल्या एस.टी.साठी फाट्यावर पिशवी घेऊन उभा असलेला डायलिसिसचा रुग्ण आता खेड्यापाड्यांना नवा राहिलेला नाही. पिशवीत फाईल, टॉवेल आणि फडक्यात बांधलेली भाकरी. जिल्ह्याच्या गावी चार तास यंत्राला जोडून पडायचे आणि दिवेलागणीला घर गाठायचे. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला दीडशेहून अधिक खेपा. त्यात पेरणी, खुरपणी, काढणी किती बुडते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

पैशाच्या बाजूने सरकारने काही केले, हे मान्य केले पाहिजे. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयात ही सेवा मोफत मिळू लागली. राज्यात 2012 साली सुरू झालेली जीवनदायी योजना 2017 पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. तिच्यातही डायलिसिस बसते. पण यंत्र रक्त साफ करते, मनावरचे ओझे उतरवत नाही.

हे ओझे कसले? पहिले तहानेचे. दिवसाचे पाणी मोजून प्यायचे. वैशाखात बांधावर उभा असलेला माणूस तांब्याकडे नुसता बघतो. पाहुण्याकडे गेला तर चहा नाकारावा लागतो, आणि 'एवढा काय भाव खातो' हेही ऐकावे लागते. केळी, शहाळे जपून. दुसरे ओझे हाताचे. ज्या हातावर फिस्टुला केला आहे, त्या हाताने पोते उचलायचे नाही, त्यावर सुई टोचायची नाही, रक्तदाब मोजायचा नाही. काल घर चालवणारा कर्ता आज पोराकडे एस.टी.पुरते पैसे मागतो. तिसरे ओझे त्याला रात्री झोपू देत नाही: 'माझ्यापायी घर बुडालं.'

जगभरच्या पाहण्या सांगतात, की डायलिसिसवरच्या दर चार-पाच रुग्णांत निदान एकाला नैराश्य असते. घरचे म्हणतात, थकलाय. थकवा तर असतोच. पण माणूस बोलेनासा झाला, जेवण टाकू लागला, 'आजची खेप राहू द्या' म्हणू लागला, तर तो नुसता थकवा नव्हे. खेप चुकली की अंगात पाणी आणि रक्तात पोटॅशियम साचते, त्याने हृदय बंद पडू शकते. म्हणजे मन खचणे इथे थेट जिवावर बेतते.

गावाने काय करावे? एस.टी.त डायलिसिसच्या रुग्णांना प्रवास सवलत आहे. तिचे कागद जमवायला ग्रामपंचायतीने मदत करावी. आशाताईंनी घरी गेल्यावर औषधाबरोबर 'झोप लागते का' हेही विचारावे. 14416 हा 'टेलिमानस'चा मोफत क्रमांक 2022 पासून चालू आहे. तो दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा. आणि घरच्यांनी त्याला कोपऱ्यात बसवू नये. दुधाचा हिशेब, मजुरांची हजेरी, पोरांचा अभ्यास ही कामे त्याच्याकडेच ठेवावीत. पिकाला कधी पाणी सोडायचे, हे त्यालाच विचारावे. रात्रंदिवस त्याची सेवा करणाऱ्या बायकोलाही एखादा दिवस उसंत द्यावी, तिच्याही मनाची चौकशी करावी.

योजना खर्च भागवते. जगण्याची उमेद मात्र घराने आणि गावानेच द्यायची असते.