जगज्जेते टेबलावर, अनोळखी पडद्यावर

बिलियर्ड्स आणि स्नूकरमध्ये पंकज अडवाणी यांनी पंचविसाहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवली आहेत. तरीही त्यांचा एक संपूर्ण सामना दूरचित्रवाणीवर पाहिलेले भारतीय थोडेच असतील. याचा दोष प्रेक्षकांना देणे मला अन्यायाचे वाटते.

रंगीत प्रक्षेपणाची खुमारी दाखवण्यासाठी बीबीसीने १९६९ मध्ये ‘पॉट ब्लॅक’ सुरू केले. एकाच फ्रेमचे सामने असलेल्या या कार्यक्रमाने क्लबांतला स्नूकर ब्रिटनच्या घराघरांत नेला. आपल्याकडे २०१४ पासून प्रो कबड्डीनेही मातीतल्या खेळाला पडद्याची गती दिली.

क्यू-खेळांसाठी ही वाट ‘नाइन-बॉल’ पूलमधून जाते, असे माझे मत आहे. सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी स्पर्श करायचा आणि नऊ क्रमांकाचा चेंडू नियमानुसार पॉकेटमध्ये घालणारा जिंकतो. हे नवख्यालाही मिनिटभरात उमगते. मोस्कोनी कपप्रमाणे प्रत्येक फटक्याला तीस सेकंदांची मर्यादा आणि संघभावनेची जोड दिली, तर चुरस आपोआप वाढेल.

राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला उपलब्ध करून देण्याचे बंधन २००७ च्या कायद्याने घातले. परंतु त्याचा लाभ मुख्यतः आधीच लोकप्रिय असलेल्या खेळांना होतो. सार्वजनिक वाहिनीने आठवड्यातील एक संध्याकाळ पूलला द्यावी. दीर्घ सामन्यांची परंपरा अजिंक्यपद स्पर्धांत खुशाल जपावी. मात्र ती जपण्यासाठीही उद्याचे प्रेक्षक आजच घडवावे लागतील.