सुपारी कुणाची, संशय कुणावर?



शहरात सुपारी म्हणजे खून. नारायणगावात सुपारी म्हणजे तमाशा. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावची, लांबलांबची गावकरी मंडळी येतात. यात्रेला कुठला फड, बाया किती, नाचायला कशा, सगळं विचारतात आणि सुपारी देऊन जातात. देव गावाचा, वर्गणी गावाची, हौस गावाची. सकाळी बदनाम मात्र बाई.

हाच माल पडद्यावर आला की त्याला कामुक रहस्यपट म्हणतात. त्याचं यंत्र साधं. एक देखणी बाई, एक खुळावलेला पुरुष, एक मुडदा. बघणाऱ्यानं दोन तास बाईचं अंग बघायचं आणि दोन तास तिच्यावरच संशय घ्यायचा. १९९२ च्या 'बेसिक इन्स्टिंक्ट'नं जगभर हेच विकलं. पण हॉलिवूडला कशाला जाता? आपल्याकडं १९७२ सालीच व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' आला. मूळ गोष्ट १९३० च्या जर्मन 'ब्ल्यू एंजल'ची. तिथं प्रोफेसर आणि कॅबरेवाली, इथं मास्तर आणि तमाशावाली. श्रीराम लागू मास्तर, संध्या चंद्रकला. मास्तर फडाला गावातून हाकलतो, बाई सुडाला पेटते, मास्तर तिच्या नादी लागतो. मग एक मुडदा पडतो. गाव समजतं, आपला मास्तरच मेला. शेवटी मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जायला तयार होतो. का? तर आदर्श गुरुजींची मूर्ती शाबूत राहावी!

वा रे न्याय! वासना मास्तरची, पाय घसरला मास्तरचा, आणि पिंजरा कोण? तर बाई. गाव खोट्या मास्तरची पूजा करणार, आणि जिती बाई मात्र अवदसा. गाणी झकास आहेत, कबूल. आपणही ती गुणगुणतो. पण हा रहस्यपट नव्हे, हा मनूनं लिहिलेला पंचनामा आहे. आरोपी आधीच ठरलेला.

आता पडद्याबाहेरची बाई बघा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. नाव नीट वाचा. जात नावातच आहे, लपवलेली नाही. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. दिवस भरले असताना ही बाई बोर्डावर नाचत होती. कळा सुरू झाल्या तशी आत गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर यायला निघाली. २००२ साली गेली, तीही पैशापायी हाल सोसून. आता सरकार तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. मेल्यावर शाल!

या गोष्टीत कुणाचा खून नाही, म्हणून तिचा रहस्यपट होत नाही. गुन्हा मात्र आहे. घेतलेली उचल फिटेस्तोवर फड सोडता येत नाही, हा गुन्हा. कनातीच्या फटीतून कपडे बदलणाऱ्या बाईकडं बघणारा डोळा, हा गुन्हा. नोट दाखवून हात धरणारा पाटलाचा पोरगा, हा गुन्हा. यांच्यावर संशय घेणारा इन्स्पेक्टर कुठल्या पिक्चरात बघितलाय?

आणि आपण? आपण लई क्रांतिकारक! पठ्ठे बापूरावांनी महाडच्या लढ्यासाठी देऊ केलेला तमाशाचा पैसा बाबासाहेबांनी नाकारला, हे आपण छाती फुगवून सांगतो. पण का नाकारला? आपल्या बायाबापड्यांना नाचवून मिळवलेला पैसा तो. धिक्कार नाचवण्याचा होता. आपण सोयीनं तो नाचणारीचा केला. वस्तीतल्या पोरीनं फडात काम केलं की सोयरीक मोडणारे आपलेच. मीटिंगीत रात्री उशिरापर्यंत बसलेल्या कार्यकर्तीबद्दल चहाच्या टपरीवर कुजबुजणारेही आपलेच. हा संशय आपल्या डोक्यात कुणी घातला? मास्तरनंच की!

बाईला इच्छा नसते, असं मी म्हणत नाही. असते, आणि ती तिची असते. तिच्या इच्छेला सापळा म्हणायचं आणि आपल्या इच्छेला मोह, हा कावा बंद करा.

पुढच्या वेळी पडद्यावर बाई आली, दिवा मंद झाला आणि मागं ते संशयाचं संगीत वाजलं, की एवढंच विचारा: सुपारी कुणी दिली?