जिवाणी कुठे सोडायची, हे आज्जीला माहीत होतं



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या महिला मंडळात जीवदयेचा विषय निघतोच. यंदा ठरलं, प्रत्येकीने दोनशे रुपये द्यायचे, बाजारातले जिवंत मासे विकत घ्यायचे आणि नदीत सोडायचे. मी एकटीच "नको" म्हणाले. एक काकू म्हणाल्या, "अगं, तडफडणारा जीव वाचवायला नको म्हणतेस? जैनाच्या घरची ना तू?"

काकूंना तिथे उत्तर दिलं नाही. इथे देते.

माझी आज्जी आडाचं पाणी दुहेरी फडक्याने गाळायची. फडक्यावर राहिलेली जिवाणी ती मोरीत ओतायची नाही, शेजारच्या विहिरीतही नाही. ज्या आडाचं पाणी, त्याच आडात, तेही बादली पाण्याला टेकेपर्यंत हळू खाली सोडून. विचारलं तर म्हणायची, "एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही, आणि तिथल्यांनाही जगू देत नाही." डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी एवढा विवेक! मग हातभर माशाच्या वेळी तो कुठे जातो?

बाजारात जिवंत मिळतो तो बहुधा मांगूर, कारण तो हवेतून श्वास घेऊन तासन्‌तास तगतो. त्यातला आफ्रिकन मांगूर इतका खादाड, की तो पाळायलाच देशात बंदी आहे. दुसरी चिलापी. तीही मूळची आफ्रिकेची, १९५२ साली इथे आणलेली. एक जीव सोडल्याचं पुण्य आपण घरी आणणार, आणि खाली नदीत तो इथल्या माशांची अंडी-पिल्लं खात राहणार. शिवाय विक्रेता उद्या आपल्यासाठी आणखी टोपलीभर मासे आणणार, ते वेगळंच.

कावेरीत काय झालं ते ऐका. तिथे कुबड असलेला महसीर राहतो. कावेरी आणि तिच्या उपनद्या सोडून जगात दुसरीकडे कुठेच नाही. वाढला तर पन्नास किलोच्या वर. १९७० च्या दशकात आपल्या लोणावळ्याला महसीरची पिल्लं तयार करायला सुरुवात झाली, आणि तिथल्या निळ्या पंखांच्या महसीरची पिल्लं पुढे कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता, महसीर वाढावेत हा. वाढलेही, पण बाहेरचे. घरचा मात्र हटत गेला. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी होतीच, त्यात हा पाहुणा. २०१८ मध्ये कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना मलाही टोचते. हा ऱ्हास लक्षात आला तो गळ टाकणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदींवरून. गळाला लागलेला मासा परत पाण्यात सोडणारे हे शौकीन. माशाच्या तोंडात काटा रुतवणं मला कधीच पटणार नाही. पण कोणता मासा कमी होतोय हे त्यांनी मोजलं. आपण दया केली, आणि मोजलं काहीच नाही.

"मग जीवदया करायचीच नाही का?" करायची! महसीरला वाहतं, स्वच्छ पाणी आणि दगडगोट्यांचा तळ लागतो. पावसाळ्यात तो अंडी घालायला प्रवाहाच्या वर चढतो. वाळू उपसली, बांध आडवा आला, की वंश खुंटला. महाडजवळ वाळण कोंडीत गावकरी देवीचे म्हणून महसीर राखतात. तिथे कुणी मासे विकत आणून सोडले नाहीत. आहेत त्यांना मारायचं नाही, डोह नासू द्यायचा नाही, एवढंच. आपल्या अहिंसेला याहून जवळचं उदाहरण कोणतं?

म्हणून माझं म्हणणं असं: ते दोनशे रुपये माशांच्या टोपलीवर घालवू नका. निर्माल्य आणि प्लॅस्टिक नदीत जाऊ नये म्हणून घाटावर कुंडी बसवा. वाळूउपशाविरुद्ध ग्रामसभेत मंडळाच्या नावाने अर्ज द्या. घरातल्या काचेच्या टाकीतले रंगीत मासे कंटाळा आला म्हणून ओढ्यात सोडू नका.

परिणाम न बघता केलेली दया हा प्रमाद आहे, आणि प्रमादातून झालेली हिंसा ही हिंसाच. पुढच्या बैठकीत मी पुन्हा "नको" म्हणणार आहे. काकू, तुम्ही माझ्या शेजारीच बसा.