प्रश्नपत्रिका एकट्या खेळाडूपुढेच का?

जुलै २०१८ मध्ये, जकार्ताच्या आशियाई स्पर्धा तोंडावर आलेल्या असताना, भारतीय पुरुष हॉकी संघाचे तत्कालीन प्रशिक्षक हरेंद्र सिंग यांनी बेंगळूरु येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रातील जेवणाबद्दल लेखी तक्रार केली. रश्शात तेल अती, मांसाच्या नावाखाली हाडे आणि अन्नात किडे, असा तिचा आशय होता. हे केंद्र म्हणजे देशाच्या हॉकीचे माहेरघर. तिथे ही गत, तर जिल्हा वसतिगृहांतील भोजनगृहांची कल्पनाच केलेली बरी.

या प्रसंगाची आठवण मला होते ती खेळाडूंच्या ‘आहारज्ञाना’ची पाहणी करणारे अहवाल वाचताना. खेळाडूंना प्रश्नावली द्यायची, गुण मोजायचे, ज्ञान अपुरे असल्याचा निष्कर्ष काढायचा आणि शेवटी व्याख्यानांची शिफारस करायची, असा या पाहण्यांचा साधारण क्रम असतो. ज्ञान मोजू नये, असे मी म्हणणार नाही. पण कोणाचे ज्ञान मोजायचे आणि कशाने, हे प्रश्न त्याआधीचे आहेत.

‘कशाने’ हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. या क्षेत्रात वापरली जाणारी एक नावाजलेली प्रश्नावली ऑस्ट्रेलियातील ला ट्रोब विद्यापीठाच्या जिना ट्रेकमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सिद्ध केली. तिच्यात ८९ प्रश्न आहेत. ती काळजीपूर्वक केलेली आहे, परंतु ती घडली ऑस्ट्रेलियन खेळाडूंसाठी, तिथल्या ताटावरून. मंड्याची नाचणीमुद्दे खाऊन वाढलेली धावपटू किंवा कोल्हापूरच्या तालमीत दूध, तूप आणि थंडाईवर पोसलेला मल्ल अशा प्रश्नावलीत कमी गुण मिळवील, तेव्हा ते अज्ञान आहाराचे की इंग्रजीचे, हे कसे ठरवायचे? शेंगदाणे, हुलगे, ज्वारी आणि ताक यांच्या भाषेत विचारलेला प्रश्न कदाचित वेगळेच उत्तर देईल. तालमीच्या परंपरेत सारेच शास्त्रशुद्ध होते, असा याचा अर्थ नव्हे. वजन उतरवण्यासाठी पाणी तोडण्याची रीत तिथेही मुरलेली आहे.

आणि ज्ञान असले, तरी पुढे काय? ज्ञान आणि प्रत्यक्ष आहार यांचा संबंध क्षीण असतो, हे आजवरच्या संशोधन-आढाव्यांतून दिसलेले आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदकाला मुकल्या. क्रीडाग्रामात आपल्याला मानवेल असे अन्न मिळाले नाही, तांदळाची पेज आणि लोणचे यांवर भागवावे लागले आणि शेवटच्या ३५ मीटरांत त्याचा परिणाम जाणवला, असे त्यांनी २०१८ मध्ये सांगितले. यात उषांचे अज्ञान नव्हते. त्यांच्यासोबत आहाराची जबाबदारी घेणारे कोणीच नव्हते.

उलट टोकाचे उदाहरण ताजे आहे. पॅरिसमध्ये ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी विनेश फोगट यांचे वजन ५० किलोच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम अधिक भरले आणि अंतिम फेरीतून त्या बाद झाल्या. आदल्या दिवशीच्या लढतींनंतर वजन ५२.७ किलोवर गेले होते. ते उतरवण्यासाठी रात्रभर खटाटोप झाला, केसही कापले गेले. इथे तज्ज्ञ होते, ज्ञान होते. मात्र एरवी ५३ किलो गटात खेळणाऱ्या खेळाडूला ५० किलोत उतरावे लागणे, हा निवडीच्या व्यवस्थेतून आलेला पेच कोणत्याही आहारतक्त्याने सुटणारा नव्हता.

जिथे ज्ञानाचा अभाव खरोखर घातक ठरतो, ती जागा म्हणजे पावडरींचे डबे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी २१३, म्हणजे ३.८ टक्के, दोषी आढळले. पाच हजारांहून अधिक चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. यांतील कित्येक प्रकार जाणूनबुजून केलेले असणार, हे उघड आहे. तरीही शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हा नियम असताना डबा सुचवणारा प्रशिक्षक आणि तो विकणारा दुकानदार बहुधा मोकळे सुटतात. सतरा वर्षांची मुलगी लेबल वाचणार की ‘सरां’चे ऐकणार?

मुलींचा प्रश्न तर आणखी मागे पडलेला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. क्रीडा वसतिगृहांत येणाऱ्या मुली याच घरांतून येतात. सरावाच्या मानाने ऊर्जा कमी पडली की पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, याबाबत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्येच सावध केले होते. पाळी थांबली याला ‘बरे झाले’ म्हणणारे प्रशिक्षक आजही असतील, तर पहिली प्रश्नपत्रिका त्यांना द्यायला हवी.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बेंगळूरुच्या केंद्रापासून सुरुवात करावी. कन्नड, मराठी, हिंदी आणि मणिपुरीत, आपल्या ताटाला धरून प्रश्नावली तयार करावी. ती खेळाडूंबरोबर प्रशिक्षकांना, वॉर्डनना आणि भोजनगृहाच्या ठेकेदारांनाही द्यावी. आणि त्यांचे गुण शेजारीशेजारी छापावेत. सोबत त्या आठवड्यात ताटात प्रत्यक्ष काय पडले, त्याचीही नोंद असावी.